दिवाणाला कोणी मारलं?

"झोपायचं नाही हं, बाळा. झेंडूला केशरी भर," अनंतमामा म्हणाला. बाबांच्या वाढदिवसाचं अर्धं रंगवलेलं कार्ड जाईच्या पुढ्यात होतं आणि तिच्या साप चावलेल्या पायाला फळी बांधलेली होती. दरड कोसळल्यामुळे ॲम्ब्युलन्स लांबच्या वाटेनं येत होती.

साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, एवढंच मामाला ठाऊक. म्हणून तो संस्थानी काळातल्या दिवाणाच्या खुनाची गोष्ट सांगत सुटला होता. विष आचाऱ्यानं घातलं आणि लगेच कबूलही केलं; खरी गोष्ट एवढीशीच. मामानं तिच्यात मेव्हणा घुसवला, वैद्य घुसवला, खीर चाटणारं मांजरही आणलं. खुनी मात्र गाडी आल्यावरच सांगणार होता.

जाईच्या पापण्या मिटल्या. पेन्सिल हातातून गळाली.

"आचाऱ्यानं मारलं गं! खिरीत विष कालवलं!" मामा ओरडला. "जाई! ऐकतेस ना?"

त्यानं तिचे गाल थोपटले. मग तिचे ओठ हलले. "पण खीर तर... मांजरानं पण खाल्ली ना? ते कुठं मेलं?"

"तीच तर खरी भानगड आहे!" मामानं पेन्सिल तिच्या बोटांत खोचली. "तू केशरी भर. सांगतो."