खरं गिऱ्हाईक

“पंचेचाळीस? चालेल,” चष्मेवाला म्हणाला आणि खिशात हात घालू लागला.

तिथंच तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली.

जाहिरातीत त्यानं चाळीस हजार लिहिले होते. चौदा वर्षांच्या मोटरसायकलचे चाळीस मागायलाही छाती लागते. हा माणूस आला, गाडीभोवती एक फेरी मारली, चावी मागून गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आला आणि चाळीसला सरळ हो म्हणाला. म्हणून तपासनिसानं खडा टाकून पाहिला होता, “चाळीस नव्हे हो, पंचेचाळीस. छापताना चुकलं.”

तर त्यालाही हो!

तपासनिसाची तीस वर्षं गोदामात पोती मोजण्यात गेली होती. हाताखालची माणसं पाठीमागे त्याला ‘चाळणी’ म्हणत, हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जो भाव करत नाही तो घ्यायला आलेला नसतो, हे त्यानं निवृत्त होताना नव्या पोरांनाही शिकवलं होतं.

“घासाघीस नाही करायची?” त्यानं विचारलं.

“कशाला, काका? हे मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली. सहा महिने शोधतोय. त्यात तुम्ही इतकी जपलेली.”

पाठ करून आल्यासारखं बोलतो, तपासनिसाला वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. चौकट धरून, गुडघा न वाकवता, एकेक पाऊल जपून टाकत. चष्मेवाला पटकन उठला.

“काकू, तुम्ही कशाला आलात? गुडघ्याला ताण नको.”

गुडघा! तपासनिसानं पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. याला गुडघ्याचं कुणी सांगितलं?

सोमवारी त्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यात भरायला चाळीस हजार कमी पडत होते. गेल्या महिन्यात लेकीनं पैसे पाठवले, ते त्यानं त्याच दिवशी परत केले. तिनं पुन्हा पाठवले, यानं पुन्हा परत केले. तिचा संसार आत्ता कुठं उभा राहतोय, त्या भिंतीतली वीट काढून आपलं घर सावरायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पण पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. पुढच्या दारानं जमलं नाही तर मागच्या दारानं येणारच.

“तिला सांगा,” तो उठत म्हणाला, “बाप अजून इतका लाचार झालेला नाही.”

“कुणाला सांगू?”

“सोंग छान वठवता. या आता.”

“अहो काका, कमी वाटत असतील तर आणखी दोन...”

“आणखी दोन! ऐकलंस?” तपासनीस बायकोकडे वळला. “लेकीनं पोतं उघडंच ठेवलंय.”

चष्मेवाला दोनदा मागं वळून बघत निघून गेला.

“तुम्ही ना,” बायको कपाळाला हात लावून म्हणाली, “देव दारात आला तर त्यालाही ओळखपत्र मागाल.”

“मागणारच. खोटे देव काय कमी आहेत?”

अर्ध्या तासात एक मिशीवाला आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आल्याआल्या इंजिनावर तळहात ठेवला.

“गरम कसं? आधीच सुरू करून ठेवलीत? थंड असताना किक घेत नाही वाटतं.”

तपासनिसाचा चेहरा उजळला. याला म्हणतात गिऱ्हाईक!

“आत्ताच एकजण चालवून गेला.”

“सगळे असंच सांगतात.” मिशीवाल्यानं चेन हलवली, टायरवर नख ओढलं, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी दाखवली. “काका, तुम्ही भंगाराला चाकं लावून विकताय. बावीस.”

“बावीसला आरसा आणि हॉर्न मिळेल. घेता का?”

“हॉर्न तरी वाजतो का?”

दोघं तासभर भांडले. बावीसचे सव्वीस झाले, चाळीसचे पस्तीस. चहा झाला. मिशीवाला दोनदा रागानं फाटकापर्यंत जाऊन परत आला. चालवून बघता का, म्हटलं तर म्हणाला, “चालवून काय कळतंय? हात लावला की कळतं.” शेवटी एकतीसवर आला आणि तिथं खुंटा रोवल्यासारखा थांबला.

“एकतीस. रोख. वर एक रुपया नाही.”

तपासनिसानं बायकोकडे पाहिलं. ती मानेनं नको नको म्हणत होती. पण तीन आठवड्यांत दोनच माणसं आली होती आणि त्यातलं खरं हे एकच. पंचेचाळीस लेकीचे घ्यायचे की एकतीस घामाचे? त्यानं चावी पुढं केली.

मिशीवाला गाडी घेऊन गेल्यावर बायकोनं विचारलं, “आणि उरलेले नऊ?”

“महिनाभर थांबू. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हिशेब लिहायला माणूस हवाय.”

“हिशेब थांबेल. गुडघा थांबेल का?”

त्यानं नोटा पुन्हा मोजल्या; एकतीसच भरले. पण आपण फसलो नाही, हा आनंद पोटात मावेना. त्यानं लेकीला फोन लावला.

“काय गं, बापाला बनवायला निघालीस? तुझा तो चष्मेवाला पंचेचाळीस देत होता. हाकलून लावला! गाडी एकतीसला विकली. खऱ्या गिऱ्हाइकाला.”



“पंचेचाळीस?” लेक म्हणाली. “बाबा, माझ्याकडे होते कुठं तेवढे? त्या मिशीवाल्या काकांजवळ मी एकतीसच दिले होते.”