अर्धा ढावलो

"बैल! बैल! अरे, धर्मसिंगचा बैल!"

तांड्याच्या प्रमुखाच्या, शंकरसिंग नाईकाच्या ओसरीवर एकच गलका झाला आणि भिकाबाईला हवा होता तो आवाज नेमका त्या गलक्यात बुडाला. टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा कार्यक्रम चालू होता. उत्तम नटीच्या बक्षिसासाठी ज्यांची नावं होती, त्यांच्या सिनेमातला एकेक तुकडा दाखवत होते. त्यात डोंगरकड्याजवळच्या याच तांड्यावर घेतलेला तुकडा आला आणि तांड्यानं त्यात काय पाहिलं, तर बैल.

"उगे बसा की रे," भिकाबाई कळवळून म्हणाली. "माझ्या पोरीचा आवाज ऐकू द्या."

सगळे गप्प झाले, पण तोवर तुकडा सरला होता.

पोरगी म्हणजे पुनम. सिनेमात नवरी झालेल्या नटीला सगळं जमलं होतं. घागरा पेलला, बैलावर चढणं जमलं, ढावलो तेवढा जमेना. नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून सुरावर रडते, तो बंजाऱ्यांचा ढावलो. शेवटी पुनमला उभी करून तिचा ढावलो मशीनवर घेतला आणि नटीच्या तोंडी घातला. ओठ नटीचे, रडणं पुनमचं. पुढच्याच हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि पुनम गेली. लग्न राहिलंच. घरात तिचे फोटो होते, आवाज मात्र कुठंच नव्हता. सिनेमा मोठ्या शहरांत लागला आणि उतरला, तांड्यापर्यंत काही आला नाही. म्हणून भिकाबाई आज दुपारपासूनच ओसरी धरून बसली होती. दिलेला चहा तसाच निवला होता.

"लग्नाबिगर ढावलो गायला की असंच व्हतं," असं बाया तिच्यामागं कुजबुजत. ते तिच्या कानावर आलं होतं, पण तिचं दुखणं निराळं होतं.

ढावलो कुणी एकटीनं रडायचा नसतो. नवरी एक कडवं रडते आणि थांबते. ती जागा आईची. आईनं लेकीला पोटाशी धरून उलट रडायचं, नांदायला वाट द्यायची, मग नवरी पुढचं कडवं उचलते. मशीनवर आवाज घेतला त्या दिवशी पुनम थांबली आणि आईकडं बघत राहिली. आई तोंडात पदर कोंबून भिंतीशी उभी. शंकरसिंग नाईकानंच दरडावलं होतं, "हूं की चूं करू नको, भिकाबाई. मशीन समदं धरतंय." पुनमनं थोडी वाट पाहिली आणि मग एकटीच पुढं रडली. चार लोकांत शहाण्यासारखं वागायला गेली भिकाबाई, आणि जन्माची चुकली.

टीव्हीवर पाकीट फुटलं, नाव पुकारलं. तांडा उठून नाचला. बक्षीस आपल्याच गोठ्यात जन्मलं असावं, तसा शंकरसिंगनं मिशीवरून हात फिरवला. नटी पायऱ्या चढून आली, सोनेरी बाहुली तिनं छातीशी धरली.

"त्या निरोपाच्या सीनला मी डोळ्यांत काहीही घातलं नव्हतं," ती म्हणाली. "ते रडणं माझ्या आतून आलं होतं."

"खोटं बोलून राहिली ही!" पुनमची मैत्रीण शिला उसळली. "काकी, हिच्या तोंडात तर आपल्या पुनमचा..."

"बोलू दे गं तिला," भिकाबाई म्हणाली. "पुन्यांदा दाखवतेत का, तेवढं बघ."

दाखवलं. या वेळी बैल आला तरी कुणी हूं केलं नाही. नटीचे ओठ हलले आणि "याडी..." अशी आईला घातलेली हाक ओसरीवर आली. हाक पुनमची. जरा नाकातली, सर्दी झाल्यागत. लहानपणापासून तशीच होती ती. भिकाबाईनं कानांत प्राण आणले. कडवं चढत गेलं, उतरलं आणि थांबलं.

नेमका तिथंच तुकडा कापला होता. टाळ्या सुरू झाल्या.

भिकाबाई उठली. समोर कुणाचा गळा असावा तसे तिनं दोन्ही हात पसरले आणि त्या मोकळ्या जागेत आपला आवाज घातला. इतके दिवस पदरात कोंबलेला आवाज तो, आधी नुसता खरखरला आणि मग सुरात आला. बाया दचकल्या. शिलानं तिचा दंड धरला.

"आनंदाच्या वक्ताला काहून रडून राहिली ही?" म्हातारा देविदास चिडून म्हणाला. "नाईक, गप करा तिला."

शंकरसिंगनं रिमोट उचलला. सगळ्यांना वाटलं, आता टीव्ही बंद करून तो तिच्यावर खेकसणार. त्यानं फक्त टाळ्यांचा आवाज बंद केला.

"रडू द्या," तो खाली बघत म्हणाला. "तवा म्याच अडवलं व्हतं."

पडद्यावर पुढचा विजेता आला. त्यानं बाहुली उंच धरली आणि तो हसत हसत कुणाकुणाचे आभार मानायला लागला. ओठ त्याचे हलत होते आणि आवाज भिकाबाईचा येत होता.