तोच दर

सकाळी नऊ वाजता शिरवळच्या कारखान्याची पुठ्ठ्याच्या खोक्यांची ऑर्डर आली. आष्ट्यात वीरधवलने नारळ मागवला, पण त्याची भागीदार फिरदोस दराकडेच बघत राहिली. काल व्हिडिओ मीटिंगमधून शिरवळची माणसं बाहेर पडल्यावर, याच्याखाली जायचं नाही म्हणून दोघांनी आपसात ठरवलेला दर होता तो. पैशाचाही फरक नव्हता.

“नशीब लागतंच गं धंद्यात,” वीरधवल म्हणाला.

“नशिबाला आपला दर कुणी सांगितला रं?”

“आवाज ऐकून टिपणं काढणारं आपलं ॲप चालूच ऱ्हायलं असंल. आपलं बोलणं त्यांनाबी गेलं. दुसरं काय?”

फिरदोसने ॲप उघडलं. टिपण खरंच शिरवळला गेलं होतं. पण तिकडे ते अजून कुणी उघडलेलंच नव्हतं, असं ॲप दाखवत होतं.