फ्लॉक्सचा वाफा

“उगवंल का हे?” हरिबानं तळहातावरचं बी नखानं हलवून पाहिलं.

“सांगता येत नाही,” गुंडेराव म्हणाले. “मालतीनं धरलेलं शेवटचं बी आहे. एवढंच उरलंय.”

बायको, मालती, गेल्यावर बीदरचं घर गुंडेरावांना खायला उठायला लागलं. शाळामास्तरची पहिली नोकरी राजेश्वर या गावी झाली होती, म्हणून ते इथं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. अंगणात सगळी फरशी. फुलझाड लावायला वीतभर माती नव्हती.

भिंतीपलीकडं हरिबा राहायचा. त्याची बायको गुरुबाई उन्हाळ्यात गेली होती. एकदा भिंतीशी उभं राहून गुंडेराव त्याला सांगत होते, की मालतीच्या फ्लॉक्सच्या फुलांवर फुलपाखरं आणि मधमाशा इतक्या यायच्या, की पाय ठेवायला भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी हरिबा आपणहून आला.

“जागा माझी, बी तुमचं,” म्हणाला.

“तुमच्या मंडळी कशानं गेल्या?” गुंडेरावांनी विचारलं होतं.

“अचानक.”

गुंडेरावांनी पुढं विचारलं नाही. हा प्रश्न ऐकून ते स्वतःच थकले होते.

दसरा झाल्यावर हरिबाच्या परसात वाफा केला. सगळं बी उगवलं नाही, पण उगवलं ते जगलं. हरिबा पोटच्या लेकरासारखं जपायचा. पहाटे उठून पाणी द्यायचा, शेळ्या हाकलायचा. फुलाचं नाव मात्र त्याच्या तोंडी कधी बसलं नाही. “तुमचं फलाक बरं हाय आज,” भिंतीवरून सांगायचा.

गुरं घेऊन जाणारा निंगप्पा एकदा कुंपणाशी थांबला. “काय रे हरिबा, बायको होती तवा एक झेंडू लावला न्हाईस. आता बाग करायलास व्हय?”

“व्हय,” हरिबा म्हणाला आणि पुन्हा खुरपायला लागला.

गुंडेरावांना ते लागलं. मालती असताना त्यांनी तरी कुठं तिच्या वाफ्याला कधी पाणी घातलं होतं?

संक्रांतीला महिना असताना फुलं आली. गुलाबी, पांढरी, मधे गडद डोळा असलेली. पिवळी फुलपाखरं आली, मग काळी, मोठी. गुंडेराव पायरीवर बसून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांनी चहा गरम असताना प्यायला.

हरिबाचं समाधान नव्हतं. “ही तर पाखरं हायेत. माशा कामून येईनात?”

“फ्लॉक्सवर फुलपाखरं आधी येतात. माशांना तुळस आवडते. कडेनं तुळस लावा, मंजिऱ्या येऊ द्या.”

“मोठी माशी येती का तुळशीला?”

“येते की. सगळ्या येतात.”

हरिबानं कुठून कुठून तुळशीची मोठी रोपं आणून कडेनं लावली. “तुरीला फूल हाय तवर त्या तिकडंच जातील,” म्हणाला. “तूर निघू द्या. रान मोकळं झालं की येतील.”

गुंडेराव हसले. “मधाची पेटी ठेवायचा विचार दिसतोय तुमचा.”

“मध न्हाई खात मी.”

हैदराबादहून श्रीनाथचा फोन यायचा. “बाबा, किती दिवस एकटे राहणार? या आता.”

“फुलपाखरं आत्ता कुठं बसायला लागलीत. बी धरू दे. ते घेऊनच येतो.”

आईचं नाव काढायचं दोघंही टाळायचे. श्रीनाथच्या बाल्कनीत उन्हाला तोंड करून कुंड्या ठेवता येतील, एवढं गुंडेरावांनी मनाशी ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवायची ताकद नव्हती.

तूर निघाली. रान उघडं पडलं. आणि एका सकाळी परस घुमायला लागलं. तुळशीवर, फ्लॉक्सवर, सगळीकडं मोठ्या माशा. हरिबा कमरेवर हात ठेवून उभा होता. उडालेली एकेक माशी मंठाळ गावच्या वाटेला जाताना तो नजरेनं धरून ठेवत होता. त्या दिवशी तो पोटभर जेवला. गुंडेरावांनी स्वतः वाढलं त्याला.

“बरं वाटलं ना?” त्यांनी विचारलं.

“लई दिवसांनी,” हरिबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून खटखट आवाज यायला लागला. वासानं गुंडेरावांना ठसका लागला. ते तसेच पलीकडं गेले. हरिबाच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. फ्लॉक्सची पानं निथळत होती. मातीत फुलपाखरं आडवी पडून पंख हलवत होती.

“हरिबा! अहो काय करायलाव? बी पिकायचंय अजून!”

हरिबानं दांडा थांबवला नाही. “मंठाळच्या वाटेला वड हाय. काटक्या आणायला गेलती गुरुबाई. फांदीवरचं आग्या मोहोळ सगळं उठलं तिच्यावर. तोंड ओळखू येईना, गुरुजी.” तो तुळशीकडं वळला. “फांदी लई उंच हाय. माझा हात पोचत न्हाई.”

ओल्या मंजिऱ्यांवर माशा अजून बसत होत्या. गुंडेराव खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांना उडवायला धावले. हरिबानं त्यांचं मनगट धरलं, अगदी हळू.

“हाकलू नका, गुरुजी. पोटभर खाऊन घरी जाऊ द्या त्येंला.”