मापाचे फ्रॉक

"आवडला नाही का गं फ्रॉक?" हेलनबाईंनी विचारलं. नाताळसाठी चर्चमधल्या घरांतून जमवलेले जुने कपडे त्या अनाथ मुलींच्या आश्रमात वाटत होत्या. सगळ्यांनी हसत घेतले. एस्तेर मात्र हात मागे बांधून उभी होती.

"आवडला, मावशी. पण हा आमच्या वर्गातल्या शेरॉनचा आहे. ती सगळ्यांना सांगेल."

हेलनबाईंनी फ्रॉक घडी करून परत पिशवीत ठेवला.

रविवारी उपासना संपताच त्या उठल्या. "जुनं देणं पुरे झालं. यंदा प्रत्येक घरानं एका मुलीचं माप घेऊन नवं शिवावं." थोडी कुजबुज झाली. मग पाळकसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "एस्तेर माझी."

नाताळला चर्च फुलून गेलं. पाहुणे म्हणून आलेल्या बिशपनी हळूच विचारलं, "आश्रमाच्या मुली कुठं दिसत नाहीत?"

हेलनबाईंनी नव्या फ्रॉकमधल्या मुलींनी भरलेल्या बाकांवरून नजर फिरवली. त्यांनाही चटकन ओळखू येईनात.