दादाला दिसलं पाहिजे

"हात लावू नका कुणी! मधेच बंद पडला तर डबा कायमचा जाईल," योगीराज ओरडला. त्याची आई, अव्वा, हातात केरसुणी घेऊन तिथंच थबकली.

डबा म्हणजे नेटचा राउटर. धारूरात ब्रॉडबँड येऊन उणंपुरं वर्ष झालं होतं. मागच्या महिन्यात एका दोस्तानं सांगितलं, नवं सॉफ्टवेअर टाक, नेट पळतंय बघ. ह्यानं टाकलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती! सिंगापूरहून थोरल्या भावाचा, मृत्युंजयचा, आवाज यायचा, पण चित्र काही येईना. ना इकडचं तिकडं, ना तिकडचं इकडं. आणि नेमकं त्याच महिन्यात वडिलांनी अंथरूण धरलं.

पेठेत जन्मभर कापड दुकान चालवलेले मल्लिनाथअण्णा आता खाटेवर नुसते पडून होते. उठवून बसवलं की मान पडायची. मृत्युंजयचं तिकीट रविवारचं होतं. तोवर रोज त्याचं एकच पालुपद, "योगी, एकदा अण्णांना बसलेलं बघू दे रे. जिवाला धीर येईल." योगीराजला स्वतःचीच लाज वाटायची. कुठून ही अवदसा आठवली, असं व्हायचं.

म्हणून आज त्यानं जुनं सॉफ्टवेअर परत चढवायला घेतलं. कॉम्प्युटर खाटेसमोरच होता, कॅमेरा अण्णांकडं वळवलेला. भावाचा कॉल आपोआप उचलला जाईल अशी सोयही त्यानं करून ठेवली होती. अण्णांना कुठं बटणं दाबता येणार?

"कावून एवढा जीव काढतो रे," अण्णा पुटपुटले. "आवाज येतोय, लई झालं."

"न्हाई अण्णा. दादाला तुमी दिसले पाहिजेत."

पडद्यावरची पट्टी सरकत होती. योगीराजची नजर तिच्यावरच. पट्टी भरली, डब्यावरचे दिवे पुन्हा लागले, आणि तो हसत वळला. अण्णा गेले होते. आग लागो त्या सॉफ्टवेअरला! बाप जात होता आणि हा पट्टी बघत बसला होता.

मग कॉम्प्युटरचं भान कुणाला राहणार? अंत्यविधीसाठी जंगम स्वामी आले. "मृत्युंजयला मीच सांगते, जरा दम धर," अव्वा म्हणाली, पण फोन काही तिनं लावला नाही. योगीराज हार आणायला पेठेत गेला. लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. भाऊबंदांनी अण्णांना न्हाऊ घातलं, रोजच्यासारखी विभूती लावली, पांढरा पटका बांधला आणि खाटेमागच्या भिंतीला टेकवून ताठ बसवलं.

योगीराज हार घेऊन दारात आला, तोच कॉम्प्युटर वाजला. रडणाऱ्या बाया दचकून गप्प झाल्या. कुणी उठायच्या आत कॉल उचललाही गेला. चित्र अगदी स्वच्छ आलं.

"अण्णा!" मृत्युंजय ओरडला. "उठून बसलात की ओ! योगी, जमवलंस पठ्ठ्या!" त्यानं मागं वळून बायकोला हाक मारली, "शिवांजली, अगं धाव, अण्णा बसलेत बघ!"

स्वामींनी मान खाली घातली. योगीराजनं अव्वाकडं पाहिलं.

"घाल," अव्वा म्हणाली.

योगीराज पुढं झाला आणि त्यानं अण्णांच्या गळ्यात हार घातला.