लिस्बनचं गाऱ्हाणं

“काका, आवाज येतोय ना? आमची सगळी मंडळी बसलीय. आता घाला तुमचं गाऱ्हाणं!”

फोनच्या काचेत सुदेशचं तोंड मावत नव्हतं. त्याच्या मागे लांबलचक टेबल, उष्ट्या ताटल्या, वाइनचे ग्लास आणि पाच-सहा हसरी माणसं, कोणी तिथलीच, कोणी मद्रासकडची. टेबलाच्या कडेला दाजींचा मुलगा विनीत आणि त्याची बायको अवनी. लिस्बनमध्ये दुपारची जेवणं उरकली होती. इथे देवबागेत दिवेलागण झाली होती. जेवणानंतर बडीशेप हवी, तसं त्यांना गाऱ्हाणं हवं होतं.

दाजींनी पडवीच्या कठड्यावर तांब्या ठेवून त्याला फोन टेकवला.

“खंय आसंस रे तू?” त्यांनी मुलाला विचारलं. “म्युनिकाक होतंस ना?”

“सुदेशकडे इलंय, बाबा. लाँग वीकेंड आसा.”

“रजा नाय म्हटलंस.”

“रजा खंय? शनिवार-रविवाराक जोडून दोन दिवस. तेवढ्यात गावाक येवन परत कसा जाणार?”

म्हणणं बरोबर होतं. दाजी मान हलवणारही होते, पण सुदेशला राहवलं नाही. विनीतचा कॉलेजातला मित्र, नागपूरचा मोकळाढाकळा माणूस तो. “काका, त्याचं काही ऐकू नका! आठवडाभर अडकवून ठेवलंय आम्ही त्याला. या वर्षातली तिसरी खेप आहे ही. आता बाळ आलं की कुठलं फिरणं?”

विनीतनं त्याचा दंड धरून मागे ओढलं, तेही फोनमध्ये दिसलं.

दाजींनी खाटेकडे पाहिलं. शिमग्यात त्यांच्या बायकोची, सावित्रीची उजवी बाजू गेली आणि वाचाही. तेव्हापासून तिच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. नुसतं ‘वि... वि...’ करायची आणि फाटकाकडे डोळे लावून पडायची, म्हणून खाट पडवीतच घातली होती. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, मुलाला एकदा बोलावून घ्या. विनीतनं कळवलं, नाताळापर्यंत एक दिवस शिल्लक नाही. आज त्याचा फोन येणार म्हणून दाजींनी तिचा भांग पाडला होता. तो वाकडाच पडला होता.

त्यांना राग आला. आयुष्यात कधी आला नव्हता इतका राग आला.

“आई कशा आहेत, बाबा?” अवनीनं विचारलं. तिला सातवा महिना लागला होता.

“ऐकता ती. सगळा ऐकता,” दाजी म्हणाले आणि त्यांनी नारळ हातात घेतला.

तिकडे सुदेश मंडळींना शिकवू लागला. काका देवाकडे मागणार, आणि प्रत्येक मागण्याला आपण सगळ्यांनी ओरडायचं, व्हय म्हाराजा! कॉलेजात असताना आठ दिवस देवबागेत राहून, सावित्रीच्या हातची बांगड्याची तिकलं ओरपून तो हे शिकला होता.

“बा देवा म्हाराजा!” दाजींचा आवाज लागला. “आज ह्यो तुझो लेकरू घरदार सोडून परमुलखात रवता. खंय पावलाक ठेच लागली, खंय कोणाची वाकडी नदर पडली, तर ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” विनीतचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“ह्येची बायल दोन जिवांची आसा. तिका सुखरूप सोडव. झील होवंदे, चेडू होवंदे, तेका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ता पोर शिकान मोठा होवंदे. ह्येच्यापरास लांब जावंदे. तेका बरे बरे मित्र गावंदेत, सुट्टी गावली की तेना मित्रांकडे जावंदे.” दाजींची लय तसूभर ढळली नाही. “आणि एक दिवस ह्यो लुळो होवन खाटेर पडात, दाराकडे बघीत रवात, तवा त्या पोराक एक दिवस रजा गावाची नाय, असा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लिस्बन दणाणलं. कोणीतरी ग्लासवर चमचा वाजवला. सुदेशला शब्दांशी देणंघेणं नव्हतं, तो हात उंचावून ताल धरत होता. अवनी इंदुरात वाढलेली. तिला मालवणी चालीवरून कळेल तेवढीच कळायची. पोटावर हात ठेवून तीही मनापासून म्हणाली. एकट्या विनीतचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

दाजींनी नारळ खाली ठेवला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. सगळ्यांच्या मागून आला, पण खणखणीत आला. एक अक्षर कुठे अडखळलं नाही.

“व्हय म्हाराजा.”

दाजींनी दचकून मागे पाहिलं. सावित्री आज फाटकाकडे बघत नव्हती. ती फोनकडे बघत होती.

“अय्या, आई बोलल्या!” अवनी आनंदानं ओरडली. तिचं पाहून सगळ्या टेबलानं टाळ्या पिटल्या. “किती स्पष्ट बोलल्या! विनीत, ऐकलंस ना तू?”

विनीतनं ऐकलं होतं.